मूळ लेखक दोन वर्षांपासून गप्प आहे. मुक्तस्रोत प्रकल्पाची देखभाल पुढे कशी चालवावी?

प्रश्न

नमस्कार. मोजमाप करणाऱ्या उपकरणांच्या नोंदींच्या फायली वाचणारी एक छोटी पायथन लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) मी गेली सहा वर्षे रोज वापरतो. ती एकाच व्यक्तीने लिहिलेली असून तिचा परवाना एमआयटी आहे. शेवटचे रिलीज दोन वर्षे चार महिन्यांपूर्वी झाले. त्यानंतर लेखकाकडून एकही कमिट (कोडमधील नोंदवलेला बदल) आलेले नाही आणि कोणत्याही इश्यूवर (वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या अडचणीवर) उत्तर आलेले नाही. पायथन ३.१२ मधून डिस्ट्युटिल्स हे मॉड्यूल काढून टाकण्यात आले, आणि ही लायब्ररी आवृत्तिक्रमांकांची तुलना करण्यासाठी नेमके तेच वापरते. त्यामुळे नव्या पायथनवर ती इम्पोर्ट होतानाच बंद पडते. दुरुस्ती अवघ्या चार ओळींची आहे. कोणीतरी ती वर्षभरापूर्वीच पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) म्हणून पाठवली आहे, आणि तिच्यासह एकूण अकरा पुल रिक्वेस्ट तशाच पडून आहेत.

मी आणि आणखी दोन वापरकर्ते हे काम अंगावर घ्यायला तयार आहोत. फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत काढून, नव्या नावाने पुढे जावे, की पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावरील मूळ नावाचा ताबा मागावा, हे मला ठरवता येत नाही. लेखकाची किती दिवस वाट पाहणे योग्य ठरेल? आणि त्याच्या परवानगीशिवाय पुढे जाणे परवान्यात बसले, तरी ते शोभून दिसेल का? माझे बरेचसे काम या माणसाने फुकट दिलेल्या कोडवर उभे आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर १

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे हक्क एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करू. पहिला हक्क कोडवरचा. एमआयटी परवान्याने तो तुम्हाला पूर्णपणे दिलेला आहे: कोड घ्या, बदला, प्रसिद्ध करा, अट एवढीच की मूळ स्वामित्वहक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर तसाच ठेवायचा. आपल्या कामासाठी खाली स्वतःची ओळ जोडता येते, पण लेखकाची ओळ पुसता येत नाही. दुसरा हक्क नावावरचा. रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता, पायपीआयवरील पॅकेजचे नाव, दस्तऐवजांचे संकेतस्थळ यांपैकी कशाविषयीही परवाना काहीच बोलत नाही. लोक मात्र नावावरच विश्वास ठेवून इन्स्टॉल करतात. त्यामुळे फोर्क आजच्या आज करता येतो, पण त्या नावामागचा विश्वास त्याच्यासोबत येत नाही.

रिपॉझिटरीत परवान्याची फाइल खरोखर आहे का, हेही एकदा पाहा. केवळ पॅकेजच्या माहितीत ‘एमआयटी’ असा शब्द असणे आणि परवान्याचा पूर्ण मजकूर असणे यांत फरक आहे. परवाना अजिबातच नसता, तर कोड सर्वांना दिसत असूनही तो घेण्याचा हक्क कोणालाच मिळाला नसता आणि लेखक सापडेपर्यंत सगळेच अडले असते.

नावाच्या ताब्यासाठी पायपीआयचे लिखित धोरण आहे. ते पेप ५४१ या नावाने ओळखले जाते. त्यानुसार प्रकल्प सोडून दिलेला मानण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात: मालकाशी संपर्क होत नाही, गेल्या बारा महिन्यांत एकही रिलीज नाही, आणि प्रकल्पाच्या पानावर मालकाची कोणतीही हालचाल नाही. संपर्काचा प्रयत्न पायपीआयचे व्यवस्थापक स्वतःही करतात. किमान तीन वेळा, सहा आठवड्यांपर्यंत. प्रकल्प सोडून दिलेला आहे एवढे सिद्ध झाले म्हणून नाव मिळत नाही. तुम्ही आधी स्वतः संपर्काचे प्रयत्न केले आणि ते निष्फळ ठरले हे दाखवावे लागते, तुमच्या फोर्कमध्ये प्रत्यक्ष सुधारणा झालेल्या दिसाव्या लागतात, आणि वेगळ्या नावाने फोर्क चालवणे का पुरेसे नाही हेही पटवून द्यावे लागते. म्हणजे फोर्क आणि ताबा हे दोन पर्यायी रस्ते नाहीत. पहिल्यावरून गेल्याशिवाय दुसऱ्यावर जाताच येत नाही. हे काम मोजकी माणसे पाहतात, त्यामुळे निकालाला अनेकदा महिने लागतात, याची तयारी ठेवा.

म्हणून आजपासून प्रत्येक प्रयत्नाची तारीख लिहून ठेवा. कमिटमधला ईमेल पत्ता, पायपीआयवरचा पत्ता आणि लेखकाचे वैयक्तिक संकेतस्थळ असेल तर त्यावरचा पत्ता, या तिन्ही ठिकाणी शांत शब्दांत लिहा, आणि रिपॉझिटरीत एक उघडा इश्यूही काढा. प्रयत्न सर्वांसमोर झाला असेल तर नंतर कोणी शंका घेतल्यास दाखवता येतो.

उत्तर २

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला होतो, म्हणून लिहितो. माझी एक लायब्ररी होती आणि जवळजवळ दीड वर्ष मी तिच्याकडे पाहिले नाही. घरात मोठे आजारपण होते, त्याच काळात नोकरीही बदलली. पहिल्या दोन महिन्यांत वेळ नव्हता म्हणून उत्तरे दिली नाहीत, आणि नंतर इतकी साचली की ते पान उघडण्याचीच भीती वाटू लागली. प्रत्येक नवा ‘हा प्रकल्प मेला आहे का?’ असा संदेश वाचला की मी आणखी लांब जात असे. प्रकल्प मला नकोसा झाला होता असे नाही. तो नीट सोडायचा तर आधी सगळे आवरावे लागेल असे मला वाटत होते, आणि ते आवरण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मग एकीचा ईमेल आला. तिने तक्रार केली नव्हती आणि आभारांचे लांबलचक परिच्छेदही लिहिले नव्हते. तिने लिहिले होते की उघड्या इश्यूंपैकी चौदा एकाच दोषाचे आहेत, दोन पुल रिक्वेस्ट एकमेकींच्या आड येतात आणि त्यांतली दुसरी तिने सर्व चाचण्यांसह तपासली आहे. मी केवळ ‘चालेल’ एवढे लिहिले, तर विलीन करण्याचे काम ती करील, आणि मला काहीही करायचे नसेल तर तेवढेच कळवले तरी पुरेल. त्या ईमेलला मी वीस मिनिटांत उत्तर दिले. माझ्याकडून मागितलेले काम एका शब्दाचे होते, आणि ‘नाही’ म्हणण्याची वाटही तिने मोकळी ठेवली होती.

तुम्ही विचारले आहे की परवानगीशिवाय पुढे जाणे शोभेल का. माझ्यापुरते सांगतो: मला न विचारता कोणी फोर्क केला असता तर मला वाईट वाटले नसते, सुटल्यासारखेच वाटले असते. वाईट वाटले असते ते ‘लेखकाने वापरकर्त्यांना वाऱ्यावर सोडले’ असे त्या फोर्कच्या पहिल्या ओळीत वाचून. माझा अमुक आवृत्तीपर्यंतचा कोड पुढे नेत आहोत, एवढेच लिहिले असते तर मी स्वतः माझ्या पानावरून तिकडे दुवा दिला असता.

प्रत्यक्ष हस्तांतराविषयीही एक अनुभव सांगतो, कारण लेखक सापडला की काम संपले असे लोक समजतात. रिलीज कसे काढायचे हे मी कधीच लिहून ठेवले नव्हते. रिलीजसाठी लागणारे एक टोकन (गुप्त किल्ली) माझ्या जुन्या संगणकावर होते, दस्तऐवजांच्या संकेतस्थळाचे डोमेन माझ्या वैयक्तिक खात्यातून दरवर्षी नूतनीकरण होत होते, आणि चाचण्यांसाठी लागणाऱ्या दोन नमुना फायली रिपॉझिटरीत नव्हत्याच. आम्ही दोन संध्याकाळी कॉलवर बसून एकेक गोष्ट कागदावर आणली. पुढचे रिलीज तिने काढले आणि मी फक्त पाहत राहिलो; त्यानंतरचे रिलीज मी न पाहता झाले. तेव्हाच मी माझे प्रकाशनाचे हक्क सोडून दिले. रिपॉझिटरी संघटनेच्या खात्यात हस्तांतरित केली, फोर्क केली नाही, त्यामुळे जुने इश्यू, त्यांवरची चर्चा आणि जुने दुवे शाबूत राहिले. फोर्कमध्ये इश्यू येत नाहीत, आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तर फोर्कमधील इश्यूंची सोय सुरुवातीला बंदच असते. ती आठवणीने चालू करावी लागते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, पण सुरक्षेची बाजू त्यांत राहिली आहे. गप्प झालेला लेखक आणि त्याच्या नावावर विसंबलेले हजारो वापरकर्ते ही परिस्थिती तुम्हाला जशी अडचणीची वाटते, तशीच ती काही लोकांना सोयीची वाटते.

२०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरील इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या लेखकाने, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीला प्रकाशनाचे हक्क दिले. त्या व्यक्तीने एक नवे अवलंबन (सोबत आपोआप येणारे दुसरे पॅकेज) जोडले आणि त्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटमधील किल्ल्या चोरणारा कोड आत आला. एक्सझेड युटिल्स या लिनक्सवर फायली आकसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाची घटना याहून गंभीर आहे. तिथे एकट्याने काम करणाऱ्या, थकलेल्या देखभालकर्त्याच्या मदतीला एक टोपणनावाची व्यक्ती आली, दोनेक वर्षे उपयोगी काम करत राहिली, आणि त्याच काळात इतर काही खात्यांवरून ‘काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाला तरी हक्क द्या’ असा तगादा सुरू होता. शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला गेला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, त्याने त्याचा माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जाहीर झाली.

या घटनेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे की तो तगादा कोणत्याही अधीर, प्रामाणिक वापरकर्त्याच्या तगाद्यासारखाच दिसत होता. म्हणून तुमच्यासारख्या सद्हेतूने आलेल्या लोकांवर एक जास्तीची जबाबदारी येते. घाई करू नका, लेखकावर दबाव आणणारे संदेश लिहू नका आणि इतर कोणी लिहीत असेल तर त्याला थांबवा. तुम्ही तिघे कोण आहात, याआधी कुठे काय काम केले आहे, हे उघड ठेवा. प्रकाशनाचे हक्क दोघांकडे असू द्या, प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय विलीन होऊ देऊ नका, आणि रिलीज कोणाच्या घरच्या संगणकावरून न काढता रिपॉझिटरीतील टॅगवरूनच (आवृत्तीच्या खुणेवरूनच) आपोआप बनेल अशी व्यवस्था करा. एक्सझेडच्या चोरदरवाजाला जागा करून देणारी एक फाइल केवळ प्रसिद्ध केलेल्या संग्रहात होती, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदीत, नव्हती. म्हणून ही शेवटची सूचना मी आग्रहाने करतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. परवान्याची फाइल पूर्ण मजकुरासह आहे, हे पाहिले. दुसऱ्या उत्तरातील ईमेलचा नमुना वाचून मी माझा लिहून ठेवलेला मसुदा पुसून टाकला, कारण त्यात माझ्या अडचणीच जास्त होत्या आणि लेखकाला करता येण्याजोगे काहीच नव्हते.

एक नवा प्रश्न मात्र उभा राहिला आहे. लेखकाचा पायपीआयवरील ईमेल पत्ता त्याच्या स्वतःच्या डोमेनवर आहे, आणि त्या डोमेनची मुदत पाच महिन्यांनी संपते. आमच्यातील एकाने असे सुचवले की मुदत संपून ते मोकळे झाले तर आपणच ते घ्यावे आणि पासवर्ड बदलून घ्यावा. हेतू चांगला आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्यापेक्षा ते बरे. मला हे पटत नाही, पण त्याला समजावणारे उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर ३ देणाऱ्याचे पुन्हा उत्तर

हे कदापि करू नका. मे २०२२ मध्ये पायपीआयवरील सीटीएक्स हे पॅकेज नेमके असेच ताब्यात घेण्यात आले होते. त्याचे शेवटचे रिलीज २०१४ मधले होते. लेखकाच्या ईमेलचे डोमेन संपले, दुसऱ्याने ते विकत घेतले, पासवर्ड बदलला आणि वापरकर्त्यांची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (संगणकावरील सेटिंग्ज, ज्यांत अनेकदा गुप्त किल्ल्याही असतात) बाहेर पाठवणाऱ्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. तुमचा हेतू वेगळा असला, तरी बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कृत्यांत काहीही फरक दिसणार नाही. त्या डोमेनवर लेखकाची इतर खाती, त्याचा खासगी पत्रव्यवहार, कदाचित त्याच्या कुटुंबीयांचेही पत्ते असतील. त्या सगळ्यांत शिरण्याचा हक्क एका लायब्ररीच्या दुरुस्तीसाठी कोणालाच मिळत नाही.

तुमच्या सहकाऱ्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिचा योग्य उपाय म्हणजे पायपीआयच्या व्यवस्थापकांना डोमेनची मुदत आत्ताच कळवणे. लेखकाला लिहिताना तो मुद्दा एका वाक्यात त्यालाही सांगा; इतर कशालाही नाही, तरी त्याला तो उत्तर देण्याची शक्यता आहे.

उत्तर ४

मी एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजे बांधतो, आणि वाट किती पाहावी या प्रश्नावर वितरणांनी पुष्कळ विचार केलेला आहे. डेबियन या लिनक्स वितरणात दुर्लक्षित पॅकेज वाचवण्याची रीत ठरलेली आहे: वाचवण्याचा इरादा जाहीर करायचा, २१ दिवस थांबायचे, कोणी हरकत घेतली नाही तर नवी आवृत्ती सात दिवसांच्या विलंबाने चढवायची, म्हणजे त्या सात दिवसांतही जुन्या देखभालकर्त्याला ती थांबवता येते. पर्ल या भाषेच्या सीपॅन या भांडारात तर ज्या मॉड्यूलला नवा पालक हवा आहे त्याच्या हक्कांच्या यादीत ‘अडॉप्टमी’ (मला दत्तक घ्या) असे एक नाममात्र खातेच जोडतात. या रीतींमध्ये मला आवडणारी गोष्ट ही की जुन्या माणसाला दोषी ठरवावे लागत नाही. ठरावीक दिवस सर्वांसमोर वाट पाहिली जाते आणि तो परत आला तर दार उघडेच असते.

फोर्कच्या नावाविषयी पिलोचे उदाहरण तुमच्या कामाचे आहे. पायथनमधील प्रतिमांवर काम करणाऱ्या पीआयएल या लायब्ररीचे १.१.७ हे रिलीज २००९ मध्ये झाले आणि तिथेच ती थांबली. २०१० मध्ये पिलो हा फोर्क सुरू झाला. त्याने पॅकेजचे नाव बदलले, पण इम्पोर्ट करण्याचे नाव पीआयएल हेच ठेवले, त्यामुळे लोकांना आपला कोड फारसा बदलावा लागला नाही. या सोयीची किंमत अशी की जुने आणि नवे पॅकेज एकत्र इन्स्टॉल करता येत नाही. दोन्ही एकाच फोल्डरवर हक्क सांगतात. तुमच्या लायब्ररीवर दुसरी पॅकेजे अवलंबून असतील, तर एकाने जुने नाव मागितले आणि दुसऱ्याने नवे, अशी वेळ येईल, आणि चूक दिसायलाही वेळ लागेल. अवलंबून असणारी पॅकेजे मोजकीच असतील तर त्यांच्या देखभालकर्त्यांना आधीच लिहा आणि इम्पोर्टचे नाव तेच ठेवा. ती बरीच असतील, तर मी इम्पोर्टचे नावही बदलण्याच्या बाजूने आहे, जरी पहिल्या काही महिन्यांत त्यावरून तक्रारी आल्या तरी.

आणखी एक विनंती. पहिल्या रिलीजमध्ये ती चार ओळींची दुरुस्ती आणि फार तर एखाद-दुसरा ठळक दोष एवढेच घ्या. अकराही पुल रिक्वेस्ट एकदम विलीन करण्याचा मोह होईल, पण आम्हा पॅकेज बांधणाऱ्यांना अनोळखी हातांतून आलेले पहिले रिलीज ओळ न् ओळ वाचावे लागते. ते छोटे असेल तर आम्ही ते त्याच आठवड्यात घेऊ शकतो.

जाता जाता, मूळ प्रश्नाशी थोडे लांबचे, पण इथे वाचणाऱ्या प्रत्येक लेखकासाठी: गिटहबवर २०२० पासून आपल्या खात्याचा उत्तराधिकारी नेमता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर तो मृत्यूचा दाखला देऊन सात दिवसांनी, किंवा निधनवार्ता देऊन २१ दिवसांनी, सार्वजनिक रिपॉझिटरींची व्यवस्था पाहू शकतो. त्याला लेखकाच्या खात्यात लॉगिन मात्र करता येत नाही. नेमणूक करायला पाच मिनिटे लागतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

कालपर्यंत झालेले काम इथे नोंदवतो. लेखकाला तीन पत्त्यांवर ईमेल गेला आहे; त्यात कोणते इश्यू एकाच दोषाचे आहेत, कोणत्या पुल रिक्वेस्ट आम्ही चालवून पाहिल्या, आणि त्याच्याकडून फक्त ‘चालेल’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे आहे, असे लिहिले आहे. डोमेनच्या मुदतीचे वाक्य शेवटी आहे, आणि पायपीआयच्या व्यवस्थापकांनाही तेच वेगळे कळवले आहे. डोमेन घेण्याची सूचना करणाऱ्या सहकाऱ्याने सीटीएक्सची हकीकत वाचून ती सूचना मागे घेतली.

फोर्क तिघांच्या संघटनेच्या नावाने उघडला आहे. त्याच्या पहिल्या ओळीत मूळ लेखकाचे नाव, मूळ रिपॉझिटरीचा दुवा आणि कोणत्या आवृत्तीपासून आम्ही पुढे नेत आहोत ते आहे. या लायब्ररीवर अवलंबून असलेली पाच पॅकेजे सापडली आणि पाचही ठिकाणी लिहिले आहे. संख्या कमी असल्यामुळे इम्पोर्टचे नाव तेच ठेवू. सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत फोर्कमधून पायपीआयवर काहीही प्रसिद्ध करणार नाही. ज्यांचे काम आजच अडले आहे त्यांच्यासाठी चार ओळींच्या दुरुस्तीच्या कमिटचा दुवा मूळ रिपॉझिटरीतील इश्यूमध्ये दिला आहे, आणि ज्याने ती दुरुस्ती वर्षभरापूर्वी पाठवली होती त्याचेच नाव त्या कमिटवर लेखक म्हणून ठेवले आहे.